अंगणातल्या टाळ्या

मथुरा गेली हे वाल्मीकला कळलं ते फुलबाजारात, आणि सांगायला आली ती एक परकी बाई. नवरात्र तोंडावर आलं होतं. झेंडूच्या गोण्यांनी रस्ता अडला होता, हमाल ओरडत होते, ओल्या पाकळ्यांचा पायाखाली चिखल झाला होता. त्या चिखलातून आखूड केसांची, काळी पँट आणि बूट घातलेली एक बाई गाळ्यागाळ्याशी थांबत विचारत येत होती, "मखमलाबादच्या मथुराचे मिस्टर कुठे बसतात?" शेजारचा गुलाबवाला काळू हसत म्हणाला, "वाल्मीकशेठ, पाव्हणी आली बघा तुम्हाला हुडकत. वहिनीला सांगू का?" वाल्मीकही हसला. मग त्याला त्या बाईचा चेहरा दिसला आणि हसू तोंडावर तसंच राहून गेलं. ते आपलं हसू त्याला पुढं कित्येक दिवस आठवत राहिलं, दातात काही अडकल्यासारखं. बाईनं त्याला गाडीत बसवलं. मथुराला दुपारी झेंडूच्या वाफ्यात चक्कर आली, तुमच्या सृष्टीनं मला फोन केला, मग तुम्हाला लावला पण लागला नाही, मी दवाखान्यात घेऊन आले, असं तिनं तुटक तुटक सांगितलं. पुढचं सांगितलं नाही. दवाखान्याच्या पायऱ्यांवर पाच-सहा बायका बसल्या होत्या, आणि त्या सगळ्या त्याला बघून एकदम उभ्या राहिल्या, तेव्हा त्याला पुढचं कळलं.

गाडीतून येताना ती बाई, मंजुषा तिचं नाव, एकदा म्हणाली होती, "सॉरी, मला तुमचं नावच माहीत नव्हतं. घाईत सृष्टीलाही विचारलं नाही. मथुरा 'आमचे हे' म्हणायची." तेव्हा त्याला काही वाटलं नाही. नंतर मात्र तो ते उगाळत बसला. मथुरानं नवऱ्याचं नाव लग्नातल्या उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. त्यांच्यातली कुठलीच बाई घेत नाही. त्यात रागावण्यासारखं काही नव्हतं. पण दोन वर्षं शनिवार-रविवार मथुरा ज्या बायकांमध्ये होती, ज्यांच्या हातात तिचा जीव गेला, त्यांच्यात त्याचं नाव एकदाही कोणी उच्चारलेलं नव्हतं. आणि त्यालाही त्यांच्यातल्या एकीचा चेहरा माहीत नव्हता. सृष्टी घरी एकटी होती, आजी शेजारी गेली होती. आईला पडलेली बघून पोरीच्या तोंडात पहिलं नाव आलं ते मंजुषाताईचं. चुलत्याकडे, लहानूकडे मोबाइल होता. लहानूचं शेत बांधाला बांध लागून होतं. तरी पोरीनं त्याला हाक मारली नाही. विचारलं तेव्हा ती म्हणाली, "काकांना काय सांगू? ते आधी आजीला विचारत बसले असते." हे खरं होतं म्हणून त्याला जास्त लागलं.

डॉक्टर तरुण होता, दमलेला होता. डोक्यातली शीर फुटली, म्हणाला. मग विचारलं, "गेल्या आठ-पंधरा दिवसांत डोक्याला मार वगैरे लागला होता का?" वाल्मीकला माहीत नव्हतं. बायकोच्या डोक्याला मार लागला होता का, एवढा साधा प्रश्न. मागं त्या बायका उभ्या होत्या. त्याला वाटलं त्यांच्यात कोणीतरी हललं. डॉक्टरच म्हणाला, "काहींची शीर मुळात कच्ची असते, कधीतरी फुटायचीच. काही वेळा मारानंही होतं. फोटो काढलाय, त्यावरून बरंच सांगता येतं. आत्ता नको. सावरल्यावर या, मी नीट समजावतो." वाल्मीक हो म्हणाला. त्या वेळी तो कशालाही हो म्हणाला असता.

हे सगळं सुरू झालं होतं सृष्टीच्या शाळेपासून. आठवीत पोरीला चाकांच्या बुटांचं वेड लागलं. गंगापूर रोडच्या बाजूला तिच्या शाळेच्या आवारात गोल रिंगण होतं, गुळगुळीत कोब्याचं, कडेला लोखंडी कठडा. मथुरा फुलं विकून रिकाम्या पाट्या घेऊन पोरीला आणायला जायची आणि कठड्याशी उभी राहायची. मंजुषा तेव्हा नुकतीच अमेरिकेहून आली होती, तिकडून एक खेळ घेऊन. रोलर डर्बी. फक्त बायकांचा. दोन बाजूंच्या बायका चाकांवर एकाच दिशेनं गोल फिरायच्या. डोक्यावरच्या टोपीवर चांदणी असलेली एक बाई समोरच्या घोळक्यातून पुढं निसटायला बघायची आणि बाकीच्यांनी तिला अडवायचं, खांद्यानं, कमरेनं, बुडानं. हात लावायचा नाही. कॉलेजच्या मुली एक-दोन दिवस यायच्या आणि पडल्या की घरी बसायच्या. मंजुषाला पडूनही पुन्हा येणारी माणसं हवी होती. कठड्याशी रोज उभी असलेली मथुरा तिला दिसली. "उभ्याच आहात तर पायात घाला," म्हणाली. हे सगळं मथुरानंच पहिल्या दिवशी हसत हसत त्याला सांगितलं होतं. तोही हसला होता. "आता म्हातारपणी चाकं लाव पायाला. घसरत घसरत बाजारात येत जा, टेम्पोचं भाडं वाचंल." तेव्हा तीही हसली. पुढं ती सांगेनाशी झाली आणि त्यानं विचारलं नाही. आई, धोंडाबाई, कुरकुरायची, "पोरीचे कपडे घालून जाते. लाज नाय राहिली." मथुरा सृष्टीचा जुना पंजाबी ड्रेस घालून जायची, वरून साडी गुंडाळून, आणि तिथं साडी सोडून ठेवायची. त्यानं आईला गप्प केलं नाही आणि मथुरालाही अडवलं नाही. आपण मोकळ्या मनाचे आहोत असं त्याला तेव्हा वाटायचं.

तिच्या अंगावर डाग पडायला लागले, हिरवे-निळे, मांडीवर, दंडावर, कमरेच्या हाडाशी. मधल्या खोलीत मायलेकी एकमेकींना ते दाखवत बसायच्या, बाम चोळायच्या आणि खिदळायच्या. "हा बायडाबाईचा," मथुरा म्हणायची. "हा माझाच, कठड्याचा. आणि हा बघ, हा मंजुषाताईचा, मोराच्या पिसावाणी झालाय." वाल्मीक आत आला की खिदळणं थांबायचं. पदर खाली यायचा. त्याच्या बायकोच्या अंगावर परक्या बायकांच्या नावांचे डाग होते आणि ते त्याला दाखवण्यासारखे नव्हते. त्यानं कधी हात उचलला नव्हता तिच्यावर. उभ्या जन्मात एक चापट नाही. ते त्याला तेव्हा मोठं वाटायचं. आता तो आठवून बघायचा की मोठं म्हणण्यासारखं दुसरं काय केलं होतं, आणि बघत राहायचा.

एकदा पावसाळ्यात फुलांनी भरलेला टेम्पो बांधाशी रुतला. तो, लहानू आणि ड्रायव्हर, तिघांनी जोर लावला. चाक नुसतं गरगरत होतं. मथुरा वाफ्यातून आली, म्हणाली, "सरका जरा. उभं राहून नसतं लावायचं." गुडघे वाकवून ती खाली बसल्यासारखी झाली, कमरेचा कोपरा टेम्पोला लावला आणि श्वास सोडत वर आली. टेम्पो निघाला. लहानू म्हणाला, "वहिनी, बारागाड्या वढायला तुम्हालाच नेऊ औंदा!" सायखेड्याला तिच्या माहेरी यात्रेत एकमेकींना बांधलेल्या बारा बैलगाड्या एकटा गडी ओढतो. बाईनं त्या दोराला शिवायचंही नसतं. मथुरा चिखलाचे हात झटकत एवढंच म्हणाली, "त्या हायेतच मागं बांधलेल्या." सगळे हसले. वाल्मीकला हसता हसता वाटलं होतं की ही बाई कोण. तिच्या अंगात हे कुठून आलं, किती दिवसांपासून आहे, आणि आपल्याला कसं दिसलं नाही. मग टेम्पोला उशीर झाला होता, तो पुढं बसून निघून गेला. त्यानंतर तिनं खेळातलं नाव तेच घेतलं, असं त्याला फार उशिरा समजलं. तिथं प्रत्येकीनं पाठीवर एक नाव लिहायचं असतं, आईबापानं ठेवलेलं नाही, नवऱ्यानं ठेवलेलंही नाही, स्वतःचं स्वतः घेतलेलं. मथुराच्या पाठीवर लिहिलेलं होतं, बारागाड्या.

दवाखान्यातून मथुराला अंगणात आणलं तेव्हा गाव जमलं होतं. त्या बायकाही आल्या होत्या, पत्र्याच्या कडेला दाटीनं उभ्या. आंघोळ झाली, हिरवी साडी नेसवली, कपाळ भरलं. आणि मग, सगळं चाललेलं असताना, त्या बायका एकदम खाली गेल्या. एक गुडघा जमिनीला टेकून, दुसऱ्यावर हात ठेवून, माना खाली घालून. रडत नव्हत्या, बोलत नव्हत्या. मंजुषा तशी, तिच्या शेजारी एक नर्स तशी आणि एक थोराड, काळी, जाड दंडांची बाई, तीही तशीच. बायाबायांत कुजबूज झाली. धोंडाबाई रडता रडता थांबली आणि म्हणाली, "ही कोणती तऱ्हा? नमाज पढतात का काय?" कोणीतरी फिसकन हसलं. वाल्मीकला ते नीट कळत नव्हतं. त्याला फक्त एवढं दिसत होतं की त्या उठत नाहीत. मडकं आलं, आगटी आली, पोरांनी खांदा दिला, तिरडी जमिनीवरून उचलली, आणि टाळ्या वाजल्या.

टाळ्या. त्याच्या बायकोला उचललं आणि अंगणात टाळ्या वाजल्या. फार नाही, थोडा वेळ, सगळ्या मिळून, ठाम. मग सगळ्यांनाच एकदम उमगलं आणि हात हवेत राहिले. तिरडीच्या बांबूंचा करकर आवाज तेवढा ऐकू आला. मंजुषानं तोंडावर हात ठेवला. "टाळ्या वाजवता?" वाल्मीक ओरडला. त्याचा आवाज त्याच्याच ओळखीचा नव्हता. "तमाशाय का इथं? मारून टाकली आणि टाळ्या वाजवता? चला, निघा माझ्या दारातून. एक बाई दिसली नाय पाहिजे!" लहानूनं त्याला धरलं. दोघातिघांनी त्या बायकांना बाहेर काढलं, काढलं म्हणजे त्या आपण होऊनच निघाल्या. ती थोराड बाई शेवटी निघाली. तिला काहीतरी बोलायचं होतं. कोणी बोलू दिलं नाही.

नंतर गाव महिनाभर त्या टाळ्यांवर बोलत होतं. मथुरावर कमी, टाळ्यांवर जास्त. बाजारात काळूनं एकदा चहा देताना हळूच विचारलं, "खरंच वाजवल्या का हो?" आणि 'मारून टाकली' हा शब्द, जो त्याच्या तोंडून रागात गेला होता, तो गावानं उचलला. पोरीच्या वयाच्या पोरींबरोबर चाकांवर नाचायची, डोकं आपटलं, मेली. धोंडाबाई येणाऱ्या प्रत्येकीला तेच सांगायची. सांगता सांगता ते पक्कं झालं. वाल्मीकला ते ऐकायला बरं वाटायचं, आणि बरं वाटतं म्हणून त्याला भीती वाटायची. कारण त्याला माहीत नव्हतं. ती पडली होती का? शेवटच्या शनिवार-रविवारी ती रिंगणावरून आली तेव्हा कशी होती? त्यानं आठवून बघितलं. ती आली होती, भाकरी केली होती, डोकं दुखतंय म्हणाली होती का? म्हणाली असेल. डोकं दुखतंय हे बायका म्हणतातच. रोज कोणीतरी म्हणतं. त्याला तिचा आवाज आठवायचा पण शब्द आठवायचे नाहीत. दहाव्याला रामकुंडावर पिंड ठेवला आणि मागं सरायच्या आत कावळा शिवला. सगळे सुटकेनं म्हणाले, भाग्यवान, काही इच्छा राहिली नव्हती. वाल्मीक ओल्या पंचानं तसाच उभा राहिला. कोणाला काही कबूल करावं लागलं नाही. पोरीचं लग्न थाटात करीन, आईला सांभाळीन, यातलं काही तिनं मागितलं नाही. भरल्या घरातून गेलेली बाई, आणि तिला या घराकडून काहीच नको होतं.

सृष्टीचं रिंगणावर जाणं त्यानं बंद केलं. पोरगी भांडली नाही. ती स्वयंपाक करायची, दहावीचा अभ्यास करायची, विचारलं तेवढं बोलायची. दिवाळी सरल्यावर एका सकाळी फुलं तोडताना ती त्याच्याकडे पाठ करून म्हणाली, "पप्पा, त्या हसत नव्हत्या. खेळताना कोणी पडलं आणि उठेना, की सगळ्यांनी जिथल्या तिथं गुडघा टेकायचा. ती उठेस्तवर नाहीतर तिला उचलून नेईस्तवर हलायचं नाही. उचललं की टाळ्या. तिला कळावं म्हणून, की आम्ही हाय. आमच्यात तसंच असतं." वाल्मीकनं विचारलं, "आमच्यात म्हणजे?" ती पुढच्या झाडाकडे सरकली. आणि मग त्याला ते मानावं लागलं जे त्याला त्या दिवसापासून माहीत होतं. पहिली टाळी पत्र्याकडून आली नव्हती. त्याच्या पाठीमागून आली होती, अगदी जवळून, लहान हातांची. बाकीच्यांनी तिच्यामागून वाजवल्या. तो वळला होता, त्यानं पोरीचे जुळलेले हात बघितले होते, आणि तिच्या डोक्यावरून पलीकडे बघत त्या बायकांवर ओरडला होता. पोरीनंही ते बघितलं होतं. दोघं झेंडू तोडत राहिले. देठ तुटल्याचा बारीक आवाज येत होता, एकदा तिच्याकडून, एकदा त्याच्याकडून.

संक्रांतीच्या आसपास एका शनिवारी बाजार आटोपल्यावर तो रिंगणावर गेला. विचारायचंच, असं ठरवून गेला. पडली होती का, कुठल्या दिवशी, कोणामुळं. नाव पाहिजे होतं त्याला. नाव मिळालं की सगळं एका जागी ठेवता येईल, असं त्याला वाटत होतं. राग गावभर सांडून चालत नाही, त्याला एक भांडं लागतं. संध्याकाळचं ऊन कोब्यावर तिरपं पडलं होतं. सात-आठ बायका फिरत होत्या. चाकांचा आवाज त्यानं कधी ऐकलाच नव्हता. लांबून जातं फिरल्यासारखा वाटला, जवळ आल्यावर अंगात शिरला. एकमेकींच्या कमरेला कमर लावून चौघी भिंतीसारख्या चालल्या होत्या आणि त्यांच्यात एका बाईएवढी जागा मोकळी होती. कदाचित नसेलही. कदाचित तेवढं अंतर ठेवायचंच असेल. कठड्याशी ती थोराड बाई साध्या चपला घालून हातात खराटा घेऊन बसली होती. त्याला बघून ती उठली.

"या भाऊ," ती म्हणाली. "मी बायडाबाई. या शाळंत झाडायला हाय. मूळची सुरगाण्याची." आणि मग, "हाकलायला आलात का विचारायला?"

वाल्मीक तिच्या चपलांकडे बघत म्हणाला, "तुम्ही नाय खेळत?"

"सोडलं."

"का?"

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून नाय सोडलं," ती म्हणाली. समोरून जाणारी एक मुलगी ओरडली, "बायडाबाई, आज तरी घाल ना!" तशी ही हसली नाही, "तुझं तू बघ गं, कंबर का मोडलीय तुझी?" एवढंच म्हणाली आणि पुन्हा त्याच्याकडे वळली. "विचारा भाऊ. डॉक्टर बोलला तव्हा मी मागंच व्हते."

"पडली होती का ती?"

"रोज पडायची. आम्ही समद्याच पडतो. आधी पडायलाच शिकवत्यात."

"डोक्यावर?"

बायडाबाईनं खराटा कठड्याला टेकवून ठेवला. "ती गेली त्याच्या आधीच्या रविवारी मी तिला लावली. खांदा. चांदणी तिच्या डोक्यावर व्हती, मला तिला सोडायचं नव्हतं. खेळच तो. ती मागं गेली, कठड्याला टोपी आपटली. टोपी व्हती. उठली लगेच. आम्ही गुडघा टेकायच्या आत उठली. मला म्हनली, 'बायडे, आज लय खाऊन आली का गं?' आन् पुढं अर्धा तास खेळली. हसत व्हती. घरी गेली." तिचे जाड हात एकमेकांत अडकले होते. "टाळ्या चुकल्याच भाऊ. हाताला सवय, वाजल्या. त्याला माफी मागते. पण ह्याची कशी मागू? मला म्हाईतच नाय मी केलं का नाय केलं. मी त्या दवाखान्यात दोनदा गेले. डॉक्टर मला सांगत नाय. म्हनतो, घरच्यांना घेऊन या. बरोबरच हाय, मी कोन तिची? नवऱ्याला सांगतील. तुम्ही चला माझ्यासंगं. एकदा विचारा. शीर कच्ची व्हती का माझा खांदा. जे असंल ते. माझ्यामुळं असंल तर मी तुमच्या दारात येऊन बसंन, तुम्ही काय करायचं ते करा. पन मला कळू द्या."

वाल्मीक तिच्या खांद्याकडे बघत होता. ब्लाऊजच्या बाहीतून भरलेला, कष्टाचा, पाट्या वाहिलेला खांदा. मधल्या खोलीत मथुरानं 'हा बायडाबाईचा' म्हणून दाखवलेला डाग त्या खांद्याचा होता. त्याला जे नाव पाहिजे होतं ते समोर उभं होतं, हात जोडून, आपण होऊन. त्यानं वाटेत किती बोलणी जुळवून आणली होती. त्यातलं एकही आता कामाचं नव्हतं. कारण त्याच्या लक्षात आलं की डॉक्टर जर म्हणाला, शीर कच्चीच होती, तर ही बाई उद्या चाकं पायात घालील, घोळक्यात शिरील, रडून मोकळी होईल आणि हसायला लागेल. आणि तो कोणाकडे बघेल? आईला काय सांगेल? गावाला काय सांगेल? तिला कुठं कळ येत होती, ती कोणाला म्हणाली होती, आणि कोणी ऐकलं नव्हतं, हे मग फक्त त्याच्या घरात उरेल.

"बघू," तो म्हणाला.

"कधी?"

"सांगतो ना. फुलांचा हंगाम हाय."

"संक्रांतीनंतर कसला हंगाम भाऊ," बायडाबाई म्हणाली. तिला फुलांचं सगळं माहीत होतं, मथुराकडून. तो निघाला तेव्हा तिनं मागून विचारलं, "सृष्टी बरी हाय का?" त्यानं मान हलवली, हो की नाही ते त्यालाही नक्की नव्हतं. मागं चाकं फिरतच होती.

त्यानंतर दोनदा ती बाजारात आली. गाळ्याशी येऊन उभी राहायची, गिऱ्हाईक असेल तर बाजूला थांबायची, काही न घेता जायची. काळूनं विचारलं, "ही कोण हो?" वाल्मीक म्हणाला, "वळखीची हाय मथुराच्या." दुसऱ्या वेळी तिनं नुसतं त्याच्याकडे बघितलं आणि तो गोणीचं तोंड शिवायला खाली वाकला, बराच वेळ वाकून राहिला. वर आला तेव्हा ती गेली होती. सृष्टीनं एकदा जेवताना विचारलं, "बायडाबाई भेटल्या होत्या का तुम्हाला? शाळेत माझ्याशी बोलल्या. काही म्हणाल्या नाहीत, पण बारीक झाल्यात." तो म्हणाला, "झाली असंल." पोरीनं ताट उचललं.

तो दवाखाना वाल्मीकच्या बाजाराच्या वाटेवरच आहे. टेम्पो रोज त्याच्यासमोरून जातो आणि सिग्नल लागला तर तिथंच थांबतो. तो तरुण डॉक्टर अजून तिथंच आहे, बाहेर पाटीवर त्याचं नाव आहे. आत जाऊन विचारायला फार वेळ लागणार नाही. वाल्मीकनं अजून विचारलेलं नाही.